कवचदोषाची शांत

तासगावात बोडस गुरुजींचा धंदा बसला, तो नास्तिकांमुळे नव्हे. नास्तिक गावात मोजकेच होते, आणि तेही मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली की मागच्या दाराने येऊन जात. धंदा बसवला फोनने. दोन जन्मवेळा सांगितल्या की फोन चहाला उकळी फुटायच्या आत छत्तीस गुणांचं गणित मांडायचा आणि वर दोन्ही घरांना सनईचा तुकडा ऐकवायचा. ह्याच कामाला रघुवीर बोडसांना पूर्वी एक आख्खी दुपार लागे. त्या दुपारीत झोपेचा वाटा मोठा असे, पण बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना वाटे, गुरुजी पंचांगात बुडालेत.

उरलं होतं ते वास्तुशांत, सत्यनारायण आणि नव्या मोटारीच्या चाकाखालचं लिंबू. घर चालत होतं ते पत्नीच्या, शरयूबाईंच्या पेन्शनवर. त्यांनी कन्याशाळेत भूगोल शिकवला होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे दिवसभर मुलींना सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सूर्य कोणत्या राशीत शिरला ते नवऱ्याकडून ऐकायचं, ह्या दोन्हीचा त्यांना सारखाच सराव होता.

अशात 'कवच' योजना आली.

योजना बायकांसाठी होती. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो हे एव्हाना शाळेतल्या मुलींनाही ठाऊक झालं होतं. त्यांना लस मिळतच होती. प्रश्न होता त्यांच्या थोरल्या बहिणींचा, आयांचा आणि आज्यांचा, ज्यांच्या वेळी लस नव्हती. त्यांच्यासाठी दर गुरुवारी गणपती मंदिराच्या पटांगणाशी एक पांढरी गाडी उभी राही. गाडीत दोन कामं होत. एक, गालाच्या आतून काडी फिरवून प्रतिकारशक्तीची जनुकं वाचायची. हे जन्मात एकदाच. दुसरं, पडद्याआड जाऊन स्वतःच एका मऊ कुंचल्याने नमुना घ्यायचा आणि विषाणू आहे का ते बघायचं. हे पुन्हा पुन्हा. गावाला पहिलं काम आवडलं. ते एकदाच करायचं होतं, गालाचं होतं, आणि त्यातून एक रंगीत कागद हाती पडत होता.

त्या कागदाने सगळा घोळ केला. प्रतिकारशक्तीची मुख्य जनुकं सहा, प्रत्येकाच्या प्रती दोन, एक आईकडची, एक बापाकडची; म्हणून घरं बारा. ही बारा घरं कागदावर कशी बसवायची हे ज्या इंजिनिअरने ठरवलं, त्याच्यासमोर लहानपणी कोणीतरी कुंडली मांडली असावी. चौकोन, त्यात कर्ण, त्यात पुन्हा तिरका चौकोन. काही घरं हिरवी, काही तांबडी. खाली बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं, जे वाचायचं नसतं हे सर्वांना ठाऊक होतं.

असा कागद गुरुजींच्या पुढ्यात पहिल्यांदा ठेवला तो राजाक्का झांबऱ्यांनी. राजाक्कांची सावळजच्या वाटेवर द्राक्षबाग होती आणि मुलगा संग्राम लग्नाचा होता. ठरत आलेल्या सुनेचा, प्रणालीचा कागद त्यांनी तिच्या आईकडून 'नुसता बघायला' म्हणून आणला होता. त्यात तीन घरं तांबडी होती.

"गुरुजी, ह्यात मंगळ कुठं बसलाय त्येवढं सांगा," राजाक्का म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा पुसला. आपल्याला कळत नाही असं म्हणायची बोडस घराण्यात पद्धत नव्हती. कागद उजेडाकडे धरून त्यांनी 'हं' म्हटलं, मग उलटा धरून 'हं हं' म्हटलं, आणि विषय खोल आहे, परवा या, असं सांगितलं. राजाक्का उठल्याबरोबर त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि पांढऱ्या गाडीची वाट धरली.

गाडीची डॉक्टर तस्नीम मुजावर ही शरयूबाईंची विद्यार्थिनी. नकाशात अरल समुद्र राजस्थानच्या शेजारी काढल्याबद्दल ती एकदा तास संपेपर्यंत उभी राहिली होती, आणि तेव्हापासून बोडसांच्या घराबद्दल तिला धाक होता. गुरुजी 'सहज' आले आणि सहजच खिशातून कागद काढला, तेव्हा तिने हसू आवरलं. तिने विचारलं, बेदाण्याचा सौदा बघितलाय ना. तासगावच्या माणसाला हे विचारणं म्हणजे आंघोळ केलीय का विचारण्यासारखं होतं.

मग तिने सांगितलं ते असं. सौद्याला व्यापारी सगळी पेटी उपसत नाही. आतला मूठभर माल नमुना म्हणून ताटलीत येतो. बघणारा फिरत येतो, दाणा दाबतो, वास घेतो आणि ठरवतो. शरीरातली प्रत्येक पेशी हेच करते. आत जी जी प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे ती ताटलीत घालून दारात मांडते. पहारेकरी पेशी दारोदार हिंडतात आणि ताटलीत डोकावतात. घरचाच माल दिसला तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर त्या पेशीचा तिथल्या तिथे निकाल लावतात. ही ताटली घडवणारी जनुकं म्हणजे ही बारा घरं. माणसागणिक ताटल्यांचा घाट निराळा. काहींच्या ताटलीत ह्या विषाणूचा तुकडा ठसठशीत बसतो. काहींच्या ताटलीवरून तो घरंगळतो, आणि पहारेकऱ्याला दारात काही दिसतच नाही.

"म्हणजे मुलीची ताटली खोटी," गुरुजी म्हणाले.

"खोटी नाही, गुरुजी. ह्या मालाला उथळ आहे. दुसऱ्या एखाद्या तापाला हीच खोल असेल. सगळ्यांच्या ताटल्या एकाच साच्यातल्या असत्या, तर एखाद्या साथीने गावात दिवा लावायला माणूस ठेवला नसता."

हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतोच, तिने पुढे सांगितलं. दहातल्या नऊ जणींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं. काही घरं तांबडी असली तर तो मुक्काम ठोकण्याची शक्यता थोडी वाढते. थोडीच. म्हणून तांबड्या घरांच्या बायकांनी दर वर्षी नमुना द्यायचा, सगळी घरं हिरवी असणाऱ्यांनी दर पाच वर्षांनी. रंगांचा अर्थ एवढाच.

"म्हणजे योग."

"शक्यता."

"आम्हीही तेच म्हणतो. फक्त आवाज खाली घेऊन." मग गुरुजींनी मुद्द्याचं विचारलं. "ह्याला शांत काय?"

तस्नीम म्हणाली, शांत हीच, वर्षातून एकदा गाडीत येणं. विषाणू सापडला आणि टिकला तरी त्याला कर्करोगापर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेवढ्यात त्याला गाठता येतं. गुरुजींनी खर्च विचारला. ती म्हणाली, फुकट.

"फुकट शांत कोणी करत नाही, डॉक्टर. नारळ ठेवावा लागेल."

राजाक्कांना गुरुजींनी सांगितलं की मुलीला कवचदोष आहे. सौम्य आहे, लग्नाला आड येत नाही. परिहार सोपा. दर वर्षी पितृपक्ष लागायच्या आत सासूने स्वतः सुनेला गाडीपर्यंत न्यायचं, गाडीला नारळ द्यायचा, आणि सुनेने आत जाऊन यायचं. सासू बरोबर हवी, नाहीतर फळ नाही. हे शेवटचं कलम त्यांनी ऐनवेळी घातलं, आणि सगळ्यात उपयोगी तेच ठरलं.

लग्न झालं, परिहारही झाला, आणि बातमी द्राक्षबागांतून पसरली. ज्या भिंतीवर आरोग्याची पोस्टरं वर्षानुवर्षं ऊन खात होती, त्याच भिंतीखाली सासवा सुनांना घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. सून कामाची सबब सांगू लागली तर सासू म्हणे, भांडी ऱ्हाऊ देत, आदी दोष. गाडीतली नर्स नारळ ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरू लागली. गाडीवरच्या सगळ्यांच्या डब्यांत रोज खोबऱ्याची चटणी दिसू लागली. पहिल्या दोन वर्षांतच कितीतरी जणींचा विषाणू वेळेवर हाती लागला. तस्नीमला 'लोकसहभागा'बद्दल जिल्ह्याची ढाल मिळाली. ती घेताना केलेल्या भाषणात तिने नारळांचा उल्लेख टाळला.

गुरुजींच्या बाकाला जोडून दुसरा बाक आला. त्यांच्या बैठकीमागच्या भिंतीवर एक चौकट आली. चौकटीत कवचचा कागद होता, बाराच्या बारा घरं हिरवी. तो शरयूबाईंचा. तेव्हा गावात तसा दुसरा नव्हता. दोष समजावून सांगण्याआधी गुरुजी मागे बोट करून निर्दोष कसा असतो ते दाखवत, आणि त्या वेळी त्यांची मान जरा ताठ होई. शरयूबाई एवढंच म्हणाल्या होत्या की नवऱ्याने बायकोचं काहीतरी भिंतीवर लावलं हे चांगलं झालं, फक्त हार घालू नका.

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका दुपारी तस्नीम घरी आली आणि तक्रार मांडून बसली. तांबड्या घरांच्या बायका नेमाने येतात. हिरव्या मात्र फिरकत नाहीत, पाच वर्षं उलटून गेलेल्याही नाहीत. विचारलं तर म्हणतात, आम्ही निर्दोष. लग्नाच्या जाहिरातीत 'गृहकृत्यदक्ष, निर्दोष कवच' असं छापून येतंय. हिरवं म्हणजे उशिरा बोलावलं तरी चालेल एवढंच. बोलावणंच नको असं नव्हे. हे गुरुजींनी एकदा सगळ्यांना सांगावं.

गुरुजींना ते पटलं नाही असं नाही. पण धंद्याची अडचण होती. ज्याला मंगळ नाही त्याला मंगळाची शांत कशी सांगायची? आणि सगळ्यांनाच दोष निघाला, तर दोषाला भिणार कोण? ते बघतो म्हणाले. बघतो म्हणजे काय हे तस्नीमला समजलं. निघताना तिने चौकटीकडे बघून विचारलं की बाईंनी नमुना कधी दिला होता. स्वयंपाकघरातून शरयूबाईंनी चहा घेऊन जा म्हणून सांगितलं.

नमुना कधीच दिला गेला नव्हता. गालाची काडी फिरली, हिरवा कागद आला, गुरुजी कौतुकाने म्हणाले, तुला काय गरज. आणि तस्नीमने बाईंसाठी म्हणून घरी पाठवलेला कुंचला साखरेच्या डब्यामागे गेला तो गेलाच. पुढे तर जाणंच अवघड झालं. भिंतीवर टांगलेल्या बाईने नारळ घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे नवऱ्याच्या दुकानाला आपल्या हाताने कुलूप लावायचं.

पौषातल्या एका सकाळी शरयूबाई मेथी निवडत होत्या आणि गुरुजी शेजारी बसून देठ चुकीच्या ढिगात टाकत होते.

"अहो, मला रक्त जातंय," शरयूबाई म्हणाल्या.

"कुठे कापलं?"

शरयूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. अरल समुद्र हलवणाऱ्या मुलीकडे बघत, तसं. मग गुरुजींना उमगलं. पाळी जाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती.

दिवाळीनंतर सुरू झालं होतं, थोडं थोडं. बोलल्या नव्हत्या, कारण बाहेर बाक नेहमी भरलेले. आताही त्यांनी गुरुजींची सोय आधी बघितली. मिरजेला जाऊन येऊ म्हणाल्या, मोठं इस्पितळ आहे, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. गुरुजींना हायसं वाटलं. हायसं वाटल्याचं त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते उठून बैठकीत गेले आणि बराच वेळ चौकटीसमोर उभे राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली. हिरवा रंग असला तरी तपासणी चुकवू नये, असं तिथे छापलेलं होतं. शुद्ध मराठीत होतं.

मिरजेला तस्नीमही रजा काढून आली. तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून बघून झालं, बारीक तुकडा काढून झाला. त्या आठवड्यात गुरुजींनी एकाही माणसाचं भविष्य सांगितलं नाही. निकाल आला तेव्हा इस्पितळाच्या डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलेलं तस्नीमने मराठीत आणलं. रक्त जाण्यात वावगं काही नव्हतं, ते वयामुळे आलेल्या कोरडेपणाने जात होतं. पण त्या निमित्ताने आत डोकावलं म्हणून दुसरंच सापडलं. विषाणू होता, सगळ्यात खट जातीचा, आणि कर्करोगाच्या अगदी आधीच्या पायरीवर येऊन बसला होता.

"कर्करोग नाही, गुरुजी," तस्नीम म्हणाली. "साखरपुडा झालाय म्हणा. लग्न लागलेलं नाही. मोडू."

गुरुजी खुर्चीच्या कडेला बसले होते. बाराच्या बारा हिरवी होती, एवढंच ते म्हणाले, आणि ते कोणाला उद्देशून होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तस्नीमने उत्तर दिलं. बाईंच्या ताटल्या उत्तमच आहेत. पण हा विषाणू लबाड. एकदा मुरला की तो पेशीला ताटली दारात मांडूच देत नाही, पुष्कळशा आतच दाबून ठेवतो. सौद्याला ताटलीच आली नाही, तर ती चांदीची होती की पत्र्याची, कोण बघतो?

विषाणू आला कुठून हे दोघांनीही विचारलं नाही. तस्नीमने न विचारताच सांगितलं की तो वीस-तीस वर्षंही गप्प पडून राहतो, त्याला पत्ता विचारण्यात अर्थ नसतो. गुरुजींनी पंख्याकडे बघितलं. शरयूबाईंनी गुरुजींकडे बघितलं. विषय तिथेच संपला.

उपचार भीतीच्या मानाने लहान निघाला. जागा बधिर करून तारेच्या नाजूक फासाने बिघडलेला भाग काढला, संध्याकाळी घरी. उरलेल्या विषाणूसाठी नवी लस होती. ही मुलींना देतात ती नव्हे. ती विषाणूला घरात शिरू देत नाही, ही शिरलेल्याला शोधून काढते. ती माणूस बघून शिवावी लागते. शरयूबाईंच्या बारा घरांवरून त्यांच्या ताटल्यांची मापं घेतली गेली, विषाणूच्या दोन प्रथिनांमधले नेमके कोणते तुकडे त्या ताटल्यांत घट्ट बसतील ते संगणकाने काढलं, आणि त्याच तुकड्यांची कृती लिहून टोचण्या तयार झाल्या. त्या टोचल्या की पहारेकरी चेहरा पाठ करतात आणि असा आरडाओरडा करतात की पेशींना लपवलेल्या ताटल्या बाहेर मांडाव्याच लागतात. जी घरं इतकी वर्षं भिंतीवर नुसती मिरवत होती, ती पहिल्यांदा कामाला आली.

गावी परतले तर बाकावर राजाक्का. आजवर त्यांनी स्वतःचा कागद काढला नव्हता, माजं कुठं लगीन ठरवायचंय म्हणत. आता हौस म्हणून गालाची काडी फिरवून घेतली होती, आणि बाराच्या बारा घरं हिरवी निघाली होती. बरोबर चौकटही आणली होती, सोनेरी.

"बाईंच्या जोडीला लावा की भित्तीवर," त्या म्हणाल्या. "सुनंला जरा दिसू दे सासू काय चीज हाय ती."

गुरुजींनी मुहूर्त बघून लावतो म्हणून चौकट ठेवून घेतली. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि येता-जाता त्यांच्या पायाला लागू लागली. दर आठवड्याला राजाक्का मुहूर्त विचारत, दर आठवड्याला तो पुढे जाई. गुरुजींच्या आयुष्यात एवढी वाईट ग्रहस्थिती सलग कधी आली नव्हती.

त्यांनी शरयूबाईंना सुचवून बघितलं की कोणाचं नाव न घेता, मोघम, निर्दोषांनीही जावं असं सांगतो. शरयूबाई म्हणाल्या, मोघम सांगितलं की प्रत्येकीला वाटतं, दुसरीबद्दल आहे. गुरुजींची खरी भीती वेगळीच होती, आणि तस्नीमलाही तीच होती. गुरुजींचं हिरवं चुकलं असं एकदा गावाला कळलं, तर गाव त्यांचं तांबडं तरी का मानेल? उद्या राजाक्का प्रणालीला म्हणतील, काय नगं जायाला, गुरुजीचं काय खरं न्हाई. मोठ्या मुश्किलीने उभी राहिलेली रांग एका दिवसात मोडेल. हिरव्यांना वाचवायला जावं आणि तांबड्या हातच्या जाव्यात.

"आधी मला बरी होऊ द्या," शरयूबाई म्हणाल्या. "घाबरलेल्या बाईचं कोणी ऐकत नाही. कीव करतात आणि घरी जातात."

श्रावणात त्यांचा नमुना कोरा आला. विषाणू नाही. पुढची काही वर्षं लक्ष ठेवायचं होतंच, पण आज नाही. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, बारीक अक्षरांसकट, आणि देवापुढे ठेवला. मग तो उचलून शरयूबाईंपुढे ठेवला.

गावाला आपण स्वतः सांगायचं, हे शरयूबाईंनी ठरवलंच होतं; तेव्हा तारीखही सांगितली: ऋषिपंचमी. त्या दिवशी तासगावचा गणपती रथातून निघतो, सगळा तालुका पटांगणात असतो. आणि त्याच दिवशी बायकांचं व्रत. नांगराचं काही खायचं नाही, ऋषीची भाजी करायची. हे व्रत सगळ्या जणी करतात, पत्रिका कोणी विचारत नाही. तस्नीम मात्र बिथरली. हे व्रत पाळीच्या विटाळाचं, आणि पाळीत विटाळ नसतो हे सांगत आपण गावोगाव फिरतो; त्या दिवशी गाडी लावायची म्हणजे आपलंच बोलणं आपण पुसायचं.

"ज्या कारणासाठी जमतात ते चुकीचं आहे, मान्य," शरयूबाई म्हणाल्या. "पण जमतात. मी तेही त्यांना सांगणार आहे. तू गाडी आण."

ऋषिपंचमीला रथाचे दोर बाहेर काढत होते तेव्हा पटांगणाच्या ह्या टोकाला गाडीजवळ बायकांचा घोळका जमला. गुरुजींनी भिंतीवरची चौकट काढून आणली होती. शरयूबाईंनी त्यांना ती डोक्याच्या वर धरायला लावली, आणि गुरुजी नकाशा धरणाऱ्या वर्गातल्या मुलीसारखे उभे राहिले. मग बाई बोलल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता, तो अजून गेला नव्हता. त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं की हा माझा, ह्यात एकही घर तांबडं नाही, म्हणून मी गाडीत गेले नाही. पुढे काय सापडलं तेही सांगितलं. ते पिशवीच्या तोंडाशी सापडलं, असंच सांगितलं, आवाज खाली न घेता. पाळी आली म्हणून बाई वाईट होत नाही आणि हा विषाणू आला म्हणूनही होत नाही. तो कोणालाही येतो, विटाळाचा आणि त्याचा संबंध नाही. आता मी बरी आहे. आणखी दोन-तीन वर्षं न जाता राहिले असते, तर गुरुजींनी ह्या चौकटीला हार घातला असता.

कोणी हसलं नाही. मागे ढोल वाजत होता. थोड्या वेळाने राजाक्का पुढे आल्या.

"ते समदं खरं, बाई. पन गुरुजी, दोष हाय का न्हाई, ते एकदा काय ते सांगा."

सगळे चेहरे गुरुजींकडे वळले. चौकटीने त्यांचे हात भरून आले होते. आयुष्यभर त्यांनी अशा प्रश्नांना 'हं' म्हटलं होतं. आता तस्नीम त्यांच्याकडे बघत होती, प्रणाली बघत होती, आणि शरयूबाई बघत नव्हत्या. त्यांनी मुद्दाम रथाकडे तोंड केलं होतं.

"वाचायला मी चुकलो, राजाक्का," गुरुजी म्हणाले. "दोष हा शब्दच माझा. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की ही नुसती शक्यता आहे, कोणाची थोडी जास्त, कोणाची थोडी कमी. कोणाचीही शून्य नाही. मला विकायला शून्य बरं पडलं. तांबडं असेल तिने दर वर्षी जायचं, ते तसंच राहील. हिरवं असेल तिने पाच वर्षांनी. पण जायचं सगळ्यांनी. हे मी पंचांग बघून सांगत नाही, हिच्याकडे बघून सांगतो."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की आता दुकान मिटलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. एक-दोघी पदर सावरून रथाकडे निघाल्याही. राजाक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी होती, आणि ती गुरुजींच्या चुकीची नव्हती. त्या वेगळ्याच अडचणीत होत्या.

"मग माज्यासंगं कोन यायचं?" त्यांनी विचारलं. "सासू नसली तर फळ न्हाई म्हनला हुतासा. माजी सासू तर कवाच गेली."

गुरुजींनी तोंड उघडलं. हे कलम आपणच घातलं होतं, ह्याची त्यांना क्षणभर आठवणच झाली नाही. तेवढ्यात गर्दीतून प्रणाली पुढे झाली. तिच्या हातात ह्या वर्षीचा नारळ होताच.

"मी येते की, आत्या. मला वाट पाठ आहे."

तिने सासूचा हात धरला. गाडीला तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर राजाक्का थांबल्या. इतकी वर्षं त्या ह्याच गाडीबाहेर नारळ घेऊन उन्हात उभ्या राहिल्या होत्या, सून किती वेळ लावते म्हणून चरफडल्या होत्या, आणि एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं. आता त्यांनी सुनेच्या कानाशी वाकून, गुरुजींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण गुरुजींना ऐकू गेलंच, विचारलं की आत नेमकं करायचं असतं तरी काय.

प्रणालीने कानात सांगितलं.

"येवढंच व्हय?" राजाक्का म्हणाल्या, आणि नारळ नर्सच्या हातात देऊन पडद्याआड गेल्या. रथाकडे निघालेल्या दोघी थांबून मागे बघत होत्या. मग त्या परत आल्या आणि प्रणालीच्या मागे उभ्या राहिल्या.